अमळनेर, निंबाळ आणि परीक्षेची वही

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाले. त्याचे काम शिकवण्याचे नव्हते. परीक्षा घेण्याचे आणि पदव्या देण्याचे होते. शिकवायचे ते संलग्न महाविद्यालयांनी. विद्यापीठांनी स्वतः अध्यापन करावे, याला कायद्याने वाट मोकळी झाली ती १९०४ मध्ये. ध्यानचिंतनाला उच्च शिक्षणात कोणती जागा असावी, हा प्रश्न आपल्याकडे कसा हाताळला गेला ते शोधताना मला या परीक्षेच्या सांगाड्यापासूनच सुरुवात करावी लागली.

शोधाचे निमित्त साधे होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर ‘समग्र शिक्षण’ हा शब्द सगळीकडे ऐकू येऊ लागला. मी तत्त्वज्ञान शिकवतो म्हणून एका महाविद्यालयाच्या बैठकीत मला बोलावले गेले. ध्यानाच्या अभ्यासक्रमाला श्रेयांक होते, त्यामुळे गुण कशावर द्यायचे हे ठरवायचे होते. पाऊण तासाच्या चर्चेनंतर ‘उपस्थिती आणि वही’ असे ठरले. त्या कागदावर माझीही सही आहे.

शंभर वर्षांपूर्वी याच प्रश्नावर एक उत्तर खानदेशात शोधले गेले. बोरी नदीकाठचे अमळनेर म्हणजे सखाराम महाराजांच्या वारकरी परंपरेचे गाव, आणि पुढे कापडगिरणीचेही. गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये येथे तत्त्वज्ञान मंदिर काढले. वेदान्ताचा, विशेषतः अद्वैताचा, पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या जोडीने अभ्यास व्हावा आणि अभ्यासकांना त्यासाठी निवांत वेळ मिळावा, ही त्यामागची कल्पना. अभ्यासकांना वृत्ती मिळे. १९२५ पासून येथून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ हा अवघड, पण आजही वाचला जाणारा ग्रंथ १९३० साली याच संस्थेने छापला. जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचे ‘अज्ञान’ हे पुस्तक १९३३ चे. एकाच संकल्पनेवर तिघांनी आपापली स्वतंत्र मांडणी केली आणि ती एका बांधणीत शेजारी शेजारी ठेवली. तालुक्याच्या गावात बसून असे पुस्तक लिहिले जाते, याचे मला अजून नवल वाटते.

वेदान्त श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा तीन पायऱ्या सांगतो. माझ्या वाचनाप्रमाणे अमळनेरने दुसरी पायरी फार उंचीवर नेली; तिसरी ज्याच्या त्याच्यावर सोडली. साने गुरुजी १९२३-२४ मध्ये या मंदिरात होते. तिथून ते गावातल्याच शाळेत शिक्षक झाले आणि वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढू लागले. त्यांच्या त्या वळणाचे श्रेय किंवा अपश्रेय मंदिराला देता येणार नाही. पण मननाकडून माणसांकडे जाणारी वाट त्यांना मंदिराच्या आत नव्हे, शाळेत सापडली, एवढे दिसते.

दुसरे उत्तर संस्थेचे नव्हते, एका प्राध्यापकाचे होते. रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांचा जन्म १८८६ चा, जमखंडीचा. १९०१ मध्ये, म्हणजे मॅट्रिकच्या आदल्या वर्षी, त्यांना उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचा अनुग्रह मिळाला. नामाचा नेम आधी आणि तत्त्वज्ञानाची पदवी नंतर, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मधे जिवावरचे आजारपण येऊन गेले. १९१४ साली एम. ए. झाल्यावर ते फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले. ग्रीक तत्त्वज्ञान हा त्यांच्या खास आवडीचा विषय. हेराक्लायटस आणि पार्मेनिडीझ यांवर त्यांनी लिहिले. पुढे ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख झाले आणि अखेर कुलगुरूही. सुट्ट्यांत आणि निवृत्तीनंतर त्यांचे ठिकाण एकच: विजापूरकडच्या बाजूचे निंबाळ. तिथेच १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले.

बेलवलकरांसह त्यांनी भारतीय तत्त्वज्ञानाचा सोळा खंडांचा इतिहास योजला होता. बाहेर आले ते दोनच खंड. त्यांपैकी ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ हा १९३३ चा खंड मी या कामासाठी पुन्हा वाचला. साक्षात्कारी माणसाने ग्रंथात साक्षात्काराची ग्वाही द्यावी, अशी आपली अपेक्षा असते. रानडे तसे करत नाहीत. अनुभव खरा कशावरून, हा प्रश्न ते प्रस्तावनेतच उभा करतात. असा अनुभव देशोदेशीच्या लोकांना येतो का, त्यामागे बुद्धीची धार आहे का, भावनेला शिस्त आहे का, आणि माणूस नीतीने वाढतो का, अशा त्यांच्या कसोट्या आहेत. अंतःप्रज्ञा ही बुद्धी, भावना आणि इच्छाशक्ती यांच्या विरोधात नसून या तिन्हींच्या मुळाशी असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तुकारामांच्या तळमळीचा काळ ते स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्या ‘आत्म्याची काळोखी रात्र’ या कल्पनेशेजारी ठेवून वाचतात. ध्यान स्वतः करायचे आणि विद्यापीठात मात्र त्याचा पुरावा तपासायचा, अशी त्यांनी केलेली वाटणी मला आजच्या कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा प्रामाणिक वाटते.

तरी ती अपुरी आहेच. या खंडात चोखामेळा आहेत. पण त्यांच्या जातीतल्या मुलाला १९३३ साली अशा विभागाच्या दारापर्यंत पोहोचणे किती कठीण होते, याची नोंद त्यात नाही. अनुभवाच्या कसोट्या ठरवताना वर्गात कोण बसले आहे, हा प्रश्न रानड्यांना पडलेला दिसत नाही, आणि अमळनेरच्या निवांतपणातही तो फारसा ऐकू येत नाही. ‘समग्र’ हा शब्द वापरणाऱ्या आपल्याला तरी तो टाळता येऊ नये.

त्या बैठकीनंतरच्या सत्रात पंचेचाळीस वह्या माझ्याकडे तपासायला आल्या. बहुतेकांनी रोज ‘मन शांत झाले’ असे लिहिले होते. काहींचे तर शब्दही एकमेकांशी जुळत होते. एका मुलीने प्रत्येक पानावर तारीख आणि वेळ घातली होती आणि पाच-सहा पाने कोरी सोडली होती. मी विचारले तेव्हा म्हणाली, “सर, त्या दिवशी बसले होते, पण लिहिण्यासारखं काही नव्हतं.”

वहीला पंधरा गुण होते. ‘मन शांत झाले’ लिहिणाऱ्यांना मी बारा-तेरा दिले. तिला सात दिले, कारण गुणपत्रकात कोऱ्या पानासाठी रकाना नव्हता. निकाल लागून गेला आहे. ती वही मात्र मी अजून परत केलेली नाही.