चोर सोडून संन्याशाला: कॉम्प्युटरच्या पहारेकऱ्याची गोष्ट

एखादं अ‍ॅप घ्यायला जावं तर मोबाइलवर इशारा येतो, "ही फाइल धोकादायक असू शकते." शेजारी बसलेला मुलगा म्हणतो, "आई, ते खोटंच असतं. दाब पुढे." इशारा कधीकधी खोटा निघतो, हे खरं. पण "खोटंच असतं" हे कुणी शिकवलं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

अँटिव्हायरस म्हणजे कॉम्प्युटरचा पहारेकरी. त्याच्याकडे चोरांच्या खुणांची वही असते. येणारी प्रत्येक फाइल तो वहीशी ताडून बघतो आणि खूण जुळली नाही तर वागणुकीवरून संशय घेतो. या वहीत सतत भर पडते. त्यात एक खूण चुकली की चोर सोडून संन्याशाला फाशी! २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या अमेरिकन कंपनीच्या वहीत अशीच चूक झाली. विंडोज एक्सपीमधली कॉम्प्युटर चालू ठेवणारी एक फाइलच पहारेकऱ्याने चोर म्हणून धरली. कॉम्प्युटर आपोआप बंद-चालू होत राहिले. अमेरिकेतल्या काही दवाखान्यांची कामं अडली, ऑस्ट्रेलियात एका मोठ्या दुकानाच्या कित्येक शाखांत बिलंच होईनात.

जुगाराच्या प्रोग्रॅमचं प्रकरण वेगळं. कॅसिनो म्हणजे जुगारघर. मांडवी नदीतली गोव्याची कॅसिनो जहाजं तुम्ही ऐकून असाल. १९९४ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा या छोट्या देशाने कायदा करून परदेशी कंपन्यांना वाट मोकळी केली, आणि तिथून इंटरनेटवरचे कॅसिनो चालू लागले. तेव्हा खेळायचं तर आख्खा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावा लागे. तो सतत दूरच्या कॉम्प्युटरशी बोलायचा, स्वतःला बदलून घ्यायचा, कुणी फसवणूक करू नये म्हणून आतला मजकूर झाकून ठेवायचा. चोरही हेच करतो! शिवाय गिऱ्हाईक आणणाऱ्याला कॅसिनो दलाली देत, त्यामुळे काही दलाल न विचारताच लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये नको ते घुसवत. म्हणजे पहारेकऱ्याचा संशय अगदीच हवेतला नव्हता.

मग अशा प्रोग्रॅमला काय म्हणायचं? व्हायरस म्हणावं तर कंपन्या कोर्टात जात. जाहिराती घुसवणाऱ्या झँगो कंपनीने कॅस्परस्कीवर दावा लावला होता. २००९ मध्ये अमेरिकेच्या कोर्टाने पहारेकऱ्याच्या बाजूने निकाल दिला. पण तोवर "बहुधा नको असलेला प्रोग्रॅम" असं मवाळ नाव रूढ झालं होतं. कॅसिनोवाल्यांना हे सोयीचं पडलं. "इशारा चुकीचा आहे, अँटिव्हायरस थोडा वेळ बंद ठेवा," असं ते गिऱ्हाइकाला सांगू लागले. दाराशी आलेल्यानेच कुत्रा बांधून ठेवायला सांगावं, तसं हे.

जाणकार पहारा बंद करत नाहीत. ते फाइल पहारेकऱ्याने कोंडली तिथेच राहू देतात, वही अद्ययावत करून पुन्हा तपासतात आणि शंका उरली तर फाइल अँटिव्हायरस कंपनीकडे धाडतात. २००४ मध्ये स्पेनमध्ये व्हायरसटोटल नावाची सोय निघाली, २०१२ मध्ये ती गूगलने घेतली. तिथे एकच फाइल अनेक पहारेकऱ्यांना दाखवता येते. एकानेच बोट दाखवलं तर चूक असू शकते. दहा-वीस जण बोट दाखवत असतील तर फाइल काढूनच टाकावी. आणि सगळ्यांनी निर्दोष ठरवलं, तरी त्याचा अर्थ एवढाच की ज्ञात व्हायरस सापडला नाही. पत्ते सरळ पिसलेत की नाही, जिंकलेले पैसे हातात पडतील की नाही, हे कुठलाच अँटिव्हायरस सांगत नाही.

आता तोच खेळ मोबाइलवर आला आहे. प्ले स्टोअरच्या बाहेरून, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकमधून एपीके फाइल येते. २०१७ पासून अँड्रॉइडमध्ये प्ले प्रोटेक्ट हा पहारेकरी आहे, तोच बंद करायला सांगतात. गटाच्या खजिनदार बाईचा फोन घरात सगळेच हाताळतात, आणि बँकेचा ओटीपी त्याच फोनवर येतो. एसएमएस वाचायची परवानगी मागणारा पत्त्यांचा खेळ कशाला हवा, हे घरात विचाराच.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून खात्यातून पैसे गेले तर घरच्यांच्या भीतीने गप्प बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. त्यावर लगेच फोन करा आणि बँकेलाही कळवा.