बिल्ड स्क्रिप्ट कोण वाचतं?

परवाच्या शनिवारी आमच्या प्रोजेक्टची बिल्ड स्क्रिप्ट वाचायला घेतली. चारेकशे ओळींची शेल स्क्रिप्ट, त्यातल्या बऱ्याचशा माझ्याच. तासाभरात हात-पाय गार पडले. टेस्टचं आउटपुट स्क्रीनवर दिसावं आणि लॉगमध्येही जावं म्हणून मी कधीतरी 'मेक टेस्ट'पुढे पाइप टाकून 'टी' कमांड जोडली होती. आता शेलचा नियम असा की पाइपलाइनचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल. आणि 'टी' बिचारी सहसा नापास होतच नाही! म्हणजे टेस्ट पडल्या तरी स्क्रिप्ट म्हणणार, सगळं ठीक. (वर 'सेट -ई' लिहिलेलं होतं, पण इथे त्याचा उपयोग नाही, 'पाइपफेल' लागतं.)

मग वाटलं, आपण प्रोग्रॅमची एकेक ओळ चार जणांना दाखवतो, पण तो बांधणारी आणि तपासणारी स्क्रिप्ट कोण वाचतं? याचं उत्तर शोधायला जरा मागे जाऊ.

१९७६, बेल लॅब्ज. स्टीव्ह जॉन्सन वैतागून स्टुअर्ट फेल्डमनच्या खोलीत आला. अख्खी सकाळ तो एक बग शोधत होता. बग खरं तर आधीच दुरुस्त झाला होता, बदललेली फाइल पुन्हा कंपाइल करायचीच राहिली होती. फेल्डमननेही आदल्या संध्याकाळी असाच वेळ घालवला होता. त्यातून 'मेक' जन्माला आलं. मेकफाइलमध्ये कमांडच्या आधी टॅबच हवा, स्पेस चालत नाही, हा जाच तेव्हापासूनचा. ही चूक फेल्डमनच्या लवकरच लक्षात आली होती. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, आणि त्यांची पंचाईत नको म्हणून त्याने टॅब तसाच ठेवला. डझनभर! आज जगभर लोक तो टॅब भोगतायत.

१९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्नचा शेल आला. त्यात 'इफ' उलटं करून 'फाय'ने मिटतं, 'केस' तसंच 'एसॅक'ने. त्या हिशेबाने 'डू' मिटायला 'ओडी' हवं होतं, पण त्या नावाची कमांड आधीच होती. म्हणून 'डन'.

मग युनिक्सचे प्रकार वाढले. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी ग्नूच्या प्रोग्रॅम्सची देखभाल करत होता. प्रत्येक मशीनसाठी मेकफाइलमध्ये वीसेक पर्याय हाताने निवडावे लागत. मशीनलाच प्रश्न विचारून हे ठरवणारी शेल स्क्रिप्ट त्याने लिहिली, आणि पुढे अशा स्क्रिप्ट तयार करून देणारं ऑटोकॉन्फ. 'कॉन्फिगर', 'मेक', 'मेक इन्स्टॉल'... आपल्यापैकी किती जणांनी हे स्तोत्रासारखं टाइप केलंय! पण ही तयार होणारी स्क्रिप्ट जुन्यात जुन्या शेलवरही चालायला हवी, म्हणून ती हजारो ओळींची आणि दिसायला भयंकर. ती कुणी वाचत नाही.

हे एकाने बरोब्बर हेरलं. एक्सझेड ही कॉम्प्रेशनची लायब्ररी लासे कॉलिन वर्षानुवर्षं जवळजवळ एकटा, फुकट सांभाळत होता. 'जिया टॅन' नावाने कुणीतरी २०२१ पासून मदत करू लागलं, विश्वास कमावला, सह-देखभालदार झालं. २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवलं गेलं. ते सी कोडमध्ये उघड नव्हतंच. टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या दोन फाइल्समध्ये ते दडवलं होतं. पैकी एक मुद्दाम 'बिघडलेली'. बिघडलेली फाइल उघडून कोण बघणार? ती जागी करणारी ओळ कॉन्फिगरच्या पोटात होती, तीही फक्त वाटपाच्या टारबॉलमध्ये, गिटमध्ये नाही. पुढचं काम 'टीआर', 'हेड', 'ऑक' अशा आपल्या रोजच्याच कमांड्सनी केलं. शिवाय सीमेकच्या एका तपासणीत एक सुटा पूर्णविराम टाकून सँडबॉक्स बंद पाडला होता. एक टिंब!

सापडलं कसं? अँड्रेस फ्रॉइंड पोस्टग्रेसचा वेग मोजत होता. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जाहीर केलं. डेबियन, फेडोरा यांच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत ते पोचलं होतं. थोडक्यात वाचलो.

मला यातून एवढंच कळलं की बिल्ड स्क्रिप्ट ही घरातल्या जुन्या किल्लीसारखी असते. सगळी दारं तिने उघडतात, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही.

असो. पाइप दुरुस्त केला आणि टेस्ट पुन्हा चालवल्या. तीन नापास. त्यातली एक फेब्रुवारीपासून. सोमवारी टीमला सांगायचंय, आणि ती ओळ माझीच होती हेही.