खिशातला खेळ आणि त्याचा गल्ला : एक प्रस्तावना

या विषयात नव्याने येणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक तयार गोष्ट ऐकवली जाते. निन्टेंडोचा गेम बॉय आला, मग डीएस आला, सोनीचं पीएसपी आलं, आणि स्मार्टफोन आल्यावर हातात धरून खेळायची ही सगळी यंत्रं, म्हणजे हँडहेल्ड, इतिहासजमा झाली. गोष्ट आटोपशीर आहे. अडचण एवढीच की 2017 साली बाजारात आलेल्या निन्टेंडो स्विचचा खप 15 कोटींच्या पुढे गेला, आणि तोही जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिशात फोन असताना. बुडालेल्या धंद्याचा असा खप होत नाही. बरं, फोनने काहीच बिघडवलं नाही म्हणावं, तर 2011 साल आडवं येतं. त्याकडे पुढे वळूच.

या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत आपला अभ्यास उभा आहे, आणि तिथे अजून भरपूर जागा रिकामी आहे. तुम्ही वाणिज्य शाखेचे असा, मानसशास्त्राचे, माध्यमविद्येचे किंवा नुसते खेळणारे. या पुस्तकातले लेख तुम्हाला समोर ठेवूनच निवडले आहेत. व्हिडिओ गेमवर प्रकल्प करायचा म्हटलं की मार्गदर्शकांच्या भुवया अजूनही वर जातात. जाऊ द्याव्यात. चित्रपटाच्या अभ्यासालाही एके काळी असंच नाक मुरडलं जात होतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे लेख वाचताना त्याच्याशी भांडता येईल. फोन आणि हँडहेल्ड यांची तुलना करताना लोक पडद्याचा आकार, प्रोसेसर, चित्रांची सफाई असल्या गोष्टी मोजत बसतात. त्यातून फारसं काही हाती लागत नाही. निकाल लागला तो गल्ल्यावर. खेळ कसा विकला जातो, पैसे कधी घेतले जातात, एकदम की थोडेथोडे, हे बदललं आणि त्यामागोमाग खेळाचा घाटच बदलला.

जुन्या पद्धतीचा गल्ला समजायला गुनपेई योकोईपासून सुरुवात करावी. निन्टेंडोतला हा अभियंता. आगगाडीच्या प्रवासात कंटाळलेला एक माणूस कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्याला दिसला, आणि त्यावरून खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली, असं सांगतात. 1980 साली आलेल्या ‘गेम अँड वॉच’ मालिकेत कॅल्क्युलेटरसाठी स्वस्त झालेला पडदा आणि चिपच वापरल्या होत्या. योकोईचं तत्त्व असं, की नवंकोरं महाग तंत्र घेऊ नये; मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा वापर अशा ठिकाणी करावा जिथे कुणी केलेला नाही. 1989 चा गेम बॉय हे त्या तत्त्वाचं सर्वांत मोठं यश. पडदा हिरवट, रंगहीन, पाठीमागे दिवा नाही. त्याच सुमारास आलेले अटारीचं लिंक्स आणि सेगाचं गेम गिअर रंगीत होते, मागून उजळलेलेही होते. पण सहा पेन्सिल सेल ते काही तासांत पिऊन टाकत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले आणि स्वस्तही पडे. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून 11 कोटी 87 लाखांच्या घरात विकले गेले.

पण यंत्र स्वस्त विकणं परवडत होतं, कारण खरी कमाई कॅसेटवर होती. यंत्र एकदा घ्यायचं, मग दर खेळाची कॅसेट वेगळी विकत घ्यायची. कॅसेट घरी आली की व्यवहार संपला. तुम्ही ती दहा मिनिटं खेळा की दहा महिने, कंपनीला आणखी एक येन मिळत नसे. म्हणून खेळ करणाऱ्याचं सगळं लक्ष गिऱ्हाइकाने दुकानात पाकीट उघडावं याकडे. खेळ सुरू झाल्यावर तो खेळणाऱ्याला मोकळा सोडत असे. ही मोकळीक त्या काळात कुणाला जाणवतही नव्हती. ती गेल्यावर जाणवली.

2003 साली नोकियाने एन-गेज आणला. फोनही आणि खेळयंत्रही. त्या वेळी जगात सर्वाधिक फोन विकणारी कंपनी हे करत होती, तरी तो साफ आपटला. बोलताना यंत्र कडेने कानाला लावावं लागे, आणि खेळ बदलायचा तर बॅटरी काढावी लागे, यावरून त्याची जी टर उडाली ती आजही थांबलेली नाही. माझ्या मते त्याच्या अपयशात अभ्यासकाच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. एन-गेजचे खेळही कार्डावर, दुकानातून, पूर्ण किंमत मोजूनच घ्यायचे होते. फोन नवा होता, गल्ला जुनाच होता.

आता डीएसकडे. 2004 च्या अखेरीस आलेल्या या दोन पडद्यांच्या यंत्राने 15 कोटी 40 लाखांचा टप्पा गाठला, आणि ते केलं मुख्यतः अशा लोकांच्या बळावर ज्यांनी कधी गेम हातात धरला नव्हता. निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी मुद्दाम तसं ठरवलं होतं. मेंदूला व्यायाम देणारे हिशेब, कुत्र्याचं पिल्लू पाळणं, स्वयंपाकाच्या पाककृती. खालच्या पडद्याला कांडीने स्पर्श केला की झालं, बटणं शिकायची गरज नाही. आजी, नोकरदार, शाळकरी मुली, सगळ्यांना निन्टेंडोने शिकवलं की पडद्याला बोट लावून पाच-दहा मिनिटं खेळता येतं. आणि हे सगळं शिकून तयार झालेलं गिऱ्हाईक पुढे अलगद फोनकडे गेलं. स्मार्टफोनचा खेळबाजार उभा राहिला तो निम्म्याहून अधिक डीएसने नांगरून ठेवलेल्या जमिनीवर, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर 10 जुलै 2008 रोजी उघडलं. पहिला धक्का किमतीचा होता. डीएसचा खेळ अमेरिकेत तीस-पस्तीस डॉलरला, इथे एक डॉलरला. 2009 च्या डिसेंबरात आलेला ‘अँग्री बर्ड्स’ याच किमतीला होता. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली एक कोरडी घोषणा, जिच्याकडे तेव्हा फार कुणी पाहिलं नाही. फुकट अ‍ॅपमध्येही आतून विक्री करायला अ‍ॅपलने परवानगी दिली. तोवर आतली खरेदी फक्त विकतच्या अ‍ॅपमध्येच चालत होती. या एका बदलाने दारातला गल्ला उचलला आणि खेळाच्या आत नेऊन ठेवला.

परिणाम पाहायचा तर ‘कँडी क्रश सागा’ उघडून बघावा. पाच लाइफ मिळतात. संपल्या की एक परत यायला अर्धा तास. थांबा, मित्राकडे मागा, नाहीतर पैसे द्या. गेम बॉयवरही खेळ मध्येच थांबत असे, पण तो सेल संपल्यामुळे. ती यंत्राची मर्यादा होती आणि कंपनीला ती नकोशीच होती. कँडी क्रशमधला थांबा मुद्दाम बसवलेला आहे, कारण तिथेच विक्री होते. जपानमध्ये 2012 च्या ‘पझल अँड ड्रॅगन्स’ने सोडतीसारखी नशिबाची खरेदी घराघरांत पोहोचवली. खेळणाऱ्यांपैकी थोडेच पैसे देतात, आणि त्यांतलेही काही मोजके पुष्कळ देतात. बाकीचे फुकट खेळतात. अशा खेळात कठीणपणा कुठे ठेवायचा, हा प्रश्न रचनेचा राहत नाही, वसुलीचा होतो. या पुस्तकातले काही लेखक याकडे माझ्यापेक्षा बरेच मवाळपणे पाहतात. त्यांचंही ऐकावं.

आता 2011. फेब्रुवारीत निन्टेंडोने डीएसचा वारस थ्रीडीएस जपानमध्ये 25,000 येनला आणला. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खेळ बनवणाऱ्यांच्या परिषदेत इवाता स्वस्त मोबाइल खेळांच्या पुराबद्दल चिंतेने बोलले. ऑगस्टमध्ये थ्रीडीएसची किंमत 15,000 येनवर आणावी लागली. बाजारात येऊन सहा महिनेही झाले नव्हते. इवातांनी स्वतःचा पगार निम्म्याने कापला, आणि ज्यांनी आधीच पूर्ण किंमत मोजली होती त्यांना भरपाई म्हणून वीस जुने खेळ फुकट दिले. त्या आर्थिक वर्षाअखेर कंपनीला वार्षिक तोटा झाला. मात्र गोष्ट इथे थांबत नाही. वर्षअखेरीस मारिओचे दोन खेळ आले, पुढे ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ आणि ‘पोकेमॉन’ आले, आणि थ्रीडीएसची एकूण विक्री 7 कोटी 59 लाखांवर गेली. डीएसच्या निम्मीच म्हणा. पण गेला तो वरवरचा अर्धा. ज्यांना लांब, खोल, एकदाच पैसे देऊन मिळणारा खेळ हवा होता ते राहिले.

सोनीचं नशीब तेवढं बरं नव्हतं. 2011 च्याच डिसेंबरात आलेलं, पीएसपीनंतरचं व्हिटा हे यंत्र म्हणून देखणं होतं, पण त्याची मेमरी कार्डं फक्त सोनीचीच आणि महाग, आणि जपानमध्ये पीएसपीला तारणारा ‘मॉन्स्टर हंटर’ तोवर निन्टेंडोकडे वळला होता. या खेळासाठी लोक कॅफेत, कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसून आपापली यंत्रं जोडत. ‘व्हिटा फोनने मारलं’ असं लिहिणाऱ्यांनी ‘मॉन्स्टर हंटर’चं हे वळण आधी पाहावं.

निन्टेंडो स्वतः फोनवर आली ती अशी. 2015 च्या मार्चमध्ये डीएनए या मोबाइल कंपनीशी तिने हातमिळवणी केली. 2016 च्या डिसेंबरात ‘सुपर मारिओ रन’ आला, थोडा फुकट आणि बाकीचा दहा डॉलर एकरकमी. जुना गल्ला नव्या दुकानात मांडण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. डाउनलोड अफाट झाले, पण नफा अपेक्षेइतका झाला नाही, हे कंपनीनेच पुढे सांगितलं. सोडतीच्या धर्तीवर चालणाऱ्या ‘फायर एम्ब्लेम हीरोज’ने मात्र पैसा दिला. याहून स्वच्छ प्रयोग विद्यार्थ्याला मिळायचा नाही.

बटणांचा मुद्दा एका परिच्छेदात उरकतो, कारण त्यावर पुढे स्वतंत्र लेख आहे. काचेवर बोट सरकवून उडी मारता येते, पण बोटाखालीच पडदा झाकला जातो आणि बटण दाबल्याची खूण हाताला मिळत नाही. स्विच, आणि 2022 मध्ये व्हाल्व्हने आणलेला स्टीम डेक, यांनी हीच उणीव पकडली.

आपल्याकडे या सगळ्याचा क्रमच वेगळा. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत गेम बॉय कधी आलाच नाही. निन्टेंडोने भारतात कधी नीट पाय रोवले नाहीत. आला तो ब्रिक गेम, जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणारा, वर ‘9999 इन 1’ छापलेला, आत खरे वेगळे खेळ बोटांवर मोजण्याइतके. मग नोकियावरचा सापाचा गेम. आणि 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर स्वस्त डेटासोबत थेट फुकट खेळांचं युग. म्हणजे जपान-अमेरिकेत ज्या दोन पद्धतींची टक्कर झाली, त्यातली पहिली आपण फारशी पाहिलीच नाही. इथल्या मुलाला खेळ विकत घ्यायचा असतो ही कल्पनाच परकी; 2020 साली भारतात बंदी येईपर्यंत तो पबजी फुकट उतरवायचा आणि पोशाखासाठी पैसे मागायचा. त्यामुळे परदेशी अभ्यासातला ‘फोनने काय हिरावलं’ हा प्रश्न जसाच्या तसा उचलू नये. सौविक मुखर्जी यांचं भारतीय उपखंडातल्या व्हिडिओ गेमवरचं पुस्तक 2022 साली आलं. तिथून सुरुवात होऊ शकते. मराठीत मात्र ब्रिक गेमच्या दुकानदारांशी, गेम पार्लर चालवलेल्यांशी कुणी बसून बोललेलं मला वाचायला मिळालेलं नाही. ती माणसं आज साठीला टेकली आहेत. काम लगेच हातात घ्यावं.

साधनांबद्दल एक सावधगिरीची सूचना. फोनवरचे खेळ पुरावा म्हणून फार ठिसूळ असतात. 2017 मध्ये आयफोनची प्रणाली बदलली आणि जुन्या 32 बिटांच्या अ‍ॅपसोबत हजारो खेळ चालेनासे झाले. ‘फ्लॅपी बर्ड’ त्याच्या कर्त्यानेच 2014 साली काढून घेतला. गेम बॉयची कॅसेट मात्र पस्तीस वर्षांनीही बहुधा चालते. फार तर आतला सेल बदलावा लागतो. तरी हँडहेल्डच्या बाजूनेही निश्चिंत राहू नका. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान 2023 च्या मार्चमध्ये बंद झालं आणि फक्त तिथेच विकले गेलेले खेळ विकत घेण्याची वाट संपली. 2025 च्या जूनमध्ये आलेल्या स्विच 2 चे काही खेळ कार्डावर मिळतात खरे, पण त्या कार्डात खेळ नसतोच. असते ती फक्त किल्ली, आणि खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो.