चित्रातील वीणा आणि दरबारातील बीन

इंदूरच्या पोलोग्राउंडवर आज कारखाने आहेत, वीज कंपनीचे मुख्यालय आहे. पोलोचा खेळ तेथून केव्हाच गेला. राहिले ते नाव. होळकरांच्या या नगरीत एका वाद्याचेही काहीसे असेच झाले. वाद्य दिसेनासे झाले आणि मागे उरले ते भिंतीवरचे छापील चित्र. मात्र त्या चित्रातले वाद्यही तेच नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विख्यात बीनकार बंदे अली खाँ इंदूर दरबारी होते. त्यांची बीन म्हणजे रुद्रवीणा. लांब पोकळ दांडी, तिच्या खाली दोन मोठे भोपळे, दांडीवर मेणाने बसविलेले पडदे, आणि वाजविताना एक भोपळा खांद्यावर टेकविलेला, असे तिचे रूप. तिचा ध्वनी गंभीर, परंतु बेताचा. दहापाच जाणकारांच्या बैठकीत खुलणारा. किराणा घराण्याच्या संथ आलापीवर या बीनेची छाया आहे, असे मानले जाते. देवासचे गायक रजब अली खाँ हे त्यांचेच शिष्य होत. बंदे अली खाँ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यास निवर्तले. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रिकांसाठी मुद्रण सुरू झाले ते १९०२ साली. म्हणजे त्यांच्या बीनेचा एक स्वरही मुद्रित होऊ शकला नाही.

योगायोग असा की, त्याच सुमारास, १८९४ साली, राजा रविवर्म्याने मुंबईत आपला शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा घडवून, रंगावर रंग चढवीत तेथे चित्रे छापली जात. राजवाड्यात टांगलेली देवता अशा रीतीने सामान्य गृहस्थाच्या माजघरात आली. लक्ष्मीच्या बरोबरीने सरस्वतीही आली, आणि तिच्या हाती वीणा आली.

ही वीणा दक्षिणेची. रविवर्मा त्रावणकोरचा, परिचयाचे वाद्य त्याने रेखाटले, यात नवल नाही. फणसाच्या लाकडाचा तुंबा, चोवीस पडदे, आणि मांडीवर आडवी धरण्याची रीत, ही तिची लक्षणे. ज्या तंजावरात ती नावारूपास आली, तेथे १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. तेव्हा मराठी माणसाला ती अगदीच परकी म्हणता येणार नाही. तथापि माळव्यात आणि महाराष्ट्रात जी बीन वाजत होती, ती ही नव्हे. परिणाम असा झाला की, मराठी घरातील मुलाने वीणा डोळ्यांनी ओळखली ती चित्रातली. कानांनी मात्र कोणतीच ओळखली नाही.

अमेरिकेतील ब्लूजवादक बी. बी. किंग यांच्या ‘ल्युसिल’ नावाच्या विद्युत गिटारीसारख्या नामांकित गिटारींची चित्रे आज हौसेने घरात लावली जातात. ती लावणाऱ्याच्या कानात त्या गिटारीचा नाद आधीच घुमत असतो. ध्वनिमुद्रिकेने तो घरोघर पोचविलेला असतो. चित्र तेथे ऐकलेल्याची आठवण देते. आपल्याकडे चित्र आधी आले आणि नाद आलाच नाही.

यात चित्रकाराचा दोष नाही. त्याने वाद्याला देवघरात स्थान दिले. पण देवघरातील मान निराळा आणि रियाजाची जागा निराळी. रुद्रवीणा शिकणारे आणि शिकविणारे आज मोजकेच उरले आहेत. सरस्वतीच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनी एखाद्या बैठकीत जाऊन ती ऐकली, तर त्या हाराला खरा अर्थ येईल.