उंडेरा गावची साक्ष

काही दिवसांपूर्वी रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला थांबविले. "सर, शाळेत मुलांना लस टोचणार असे ऐकतो. शेजारच्या मुलाला टोचल्यावर रात्रभर ताप होता. आमच्या पोराला टोचू द्यावे का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. तो मला अडाणीपणाचा वाटला नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या पणजोबांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याच्या उत्तरादाखल बडोद्याजवळच्या एका लहान गावाने आपली साक्ष देऊन ठेवली आहे. आज तीच हकिकत आपणांस सांगावयाची आहे.

सन 1896 च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात लोकांना ताप येऊन गाठी उठू लागल्या व माणसे पटापट मरू लागली. हा ग्रंथिक प्लेग आहे, असे निदान प्रथम केले ते मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. त्यानंतर लवकरच ओडेसा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईस पाचारण करण्यात आले. पटकीच्या लसीसंबंधीचे त्यांचे कार्य हिंदुस्थानात 1893 पासून चालू होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी पोषक रसावर तुपाचे थेंब सोडून प्लेगचे जंतू वाढविले, ते उष्णतेने मारले आणि त्यांची लस तयार केली. 10 जानेवारी 1897 रोजी ही लस त्यांनी प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. त्यांना ताप आला, अंग दुखले, आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली.

तथापि तो काळ विश्वासाचा नव्हता. पुण्यात प्लेगनिवारणासाठी गोरे सोजीर घराघरांत शिरत होते. बायामाणसांची अब्रू, देवघर, चूल, कशाचीच भीड राहिली नव्हती. त्या संतापातूनच 22 जून 1897 रोजी रँड याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ज्या सरकारचे शिपाई असे वागतात, त्याच सरकारच्या डॉक्टरची सुई अंगात का टोचून घ्यावी, असे लोकांनी म्हटले तर त्यांना दोष कसा द्यावा?

अशा वेळी, फेब्रुवारी 1898 मध्ये, बडोदे संस्थानातील उंडेरा या गावी हाफकिन यांनी एक प्रयोग केला. गावात प्लेग शिरलेला होता. त्यांनी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली व उरलेल्यांना टोचली नाही. पुढे अठ्ठावीस कुटुंबांत प्लेग आला. त्या कुटुंबांतील लस टोचलेली माणसे 71 होती. त्यांपैकी 8 जण आजारी पडले व 3 दगावले. न टोचलेली माणसे 64 होती. त्यांपैकी 27 जणांना प्लेग झाला व 26 दगावले.

हे आकडे सावकाश ऐकावेत. ही माणसे एकाच छपराखाली राहणारी, एकाच चुलीवरचे अन्न खाणारी होती. एकाची वस्ती स्वच्छ व दुसऱ्याची घाणेरडी, किंवा एक श्रीमंत व दुसरा गरीब, असे म्हणावयास येथे जागाच नाही. फरक होता तो केवळ लसीचा. ज्यांना लस मिळाली नाही त्या निम्म्यांची आठवण झाली म्हणजे आजही मन अस्वस्थ होते. आपले ज्ञान त्या सव्वीस चितांवर उभे आहे, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

या हकिकतीची दुसरी बाजू झाकून ठेवणेही योग्य नव्हे. सन 1902 च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी 107 जणांना हीच लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने मरण पावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांना कामावरून दूर करण्यात आले. परंतु ती बाटली उघडताना तिचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, ही गोष्ट पुढे ध्यानात आली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू उचलून धरली, आणि 1907 मध्ये ते दोषमुक्त ठरले. परळच्या त्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. लस उत्तम असली तरी ती टोचणारा हातही तितकाच दक्ष असावा लागतो आणि चूक झाल्यास तिची उघड चौकशी व्हावी लागते, हा मुलकोवालचा धडा आहे. धाकदपटशाने लोकांचा विश्वास मिळत नाही, हा धडा पुण्याने त्याआधीच दिला होता.

हाफकिन यांची प्लेगची लस काही महिन्यांपुरतेच संरक्षण देत असे, आणि प्लेग ओसरला तो केवळ तिच्यामुळे नव्हे. परंतु त्यानंतर लसीच्या शास्त्राने फार मोठी मजल मारली. देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा 1980 मध्ये झाली. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला. याउलट 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली आणि लस न मिळालेली कोवळी मुले तिला बळी पडली. लस उपलब्ध असताना ती मुले गेली, याचे दुःख अधिक आहे.

त्या पालकांना मी हीच हकिकत सांगितली. लसीनंतर एखाद-दुसरा दिवस ताप येऊ शकतो. तो खुद्द हाफकिन यांनाही आला होता. ताप वाढला किंवा टिकून राहिला तर डॉक्टरांना दाखवावे. मुलाला आधीचा काही आजार असल्यास तो टोचण्यापूर्वी सांगावा. मनातील शंका डॉक्टरांना न संकोचता विचाराव्यात, आणि डॉक्टरांनीही न चिडता त्यांची उत्तरे द्यावीत. ठरल्या दिवशी ते गृहस्थ मुलाचा हात धरून शाळेत आले व लस टोचून होईपर्यंत त्याच्याजवळच उभे राहिले.

श्रोतेहो, आपल्या घरी लहान मूल असेल तर आज त्याचे लसीकरणाचे कार्ड काढून पाहावे. एखादी लस राहिली असेल तर उद्याच जवळच्या आरोग्य केंद्रात जावे. उंडेऱ्याच्या त्या चौसष्ट जणांना निवड करता आली नव्हती. आपणांस ती करता येते.