मुंबईतील जॅझचा श्रोतृवर्ग : सामूहिक श्रवणाच्या इतिहासातील एक प्रकरण

संगीताचे इतिहास पाहिले तर ते बहुतांशी गायकांचे, वादकांचे व घराण्यांचे इतिहास असतात. श्रोता त्यांत गृहीत धरलेला असतो. त्यालाही स्वतःचा इतिहास असू शकतो, ही जाणीव क्वचितच आढळते. भाषेच्या अभ्यासकाला ही उणीव विशेष खटकते. भाषिक समाजाचा विचार करताना ब्लूमफील्डने १९३३ मध्ये परस्परांतील वाग्व्यवहार हेच त्याचे मुख्य लक्षण मानले. त्याच न्यायाने पाहता, एखादे संगीत अनेकांनी आपापल्या घरी ऐकल्याने श्रोतृसमाज सिद्ध होत नाही. ‘सध्या आपण काय ऐकत आहात?’ हा प्रश्न जेथे विचारला जातो आणि उत्तरादाखल तबकडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तेथे तो सिद्ध होतो. मुंबईतील जॅझप्रेमी मंडळी हे अशा समाजाचे उत्तम उदाहरण होय. त्यांच्या इतिहासाची रूपरेषा मांडावी आणि मराठीत त्याची नोंद का झाली नाही ह्याचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

मुंबईत जॅझ प्रथम रुजला तो मोठ्या हॉटेलांच्या नृत्यगृहांत. १९३५ मध्ये लिऑन ॲबी ह्या व्हायोलिनवादकाचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक व टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आले. स्मिथच्या वृंदाचे ध्वनिमुद्रण १९३६ मध्ये मुंबईतच झाले. ह्या वादकांच्या सहवासात गोव्याहून आलेल्या अनेक वादकांनी ही नवी शैली आत्मसात केली. आल्दोना गावचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’, हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव. परंतु हॉटेलातील हे वादन ऐकावयास पैसा लागे, पोशाख लागे आणि प्रतिष्ठाही लागे. त्यामुळे श्रोत्यांचा खरा विस्तार झाला तो नृत्यगृहामुळे नव्हे, तर तबकडीमुळे, असे म्हणावे लागते.

तबकडीचे महत्त्व समजण्यासाठी जॅझचे स्वरूप थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे. ह्या संगीतात उत्स्फूर्त विस्ताराला प्रमुख स्थान आहे. ‘ब्लूज’चा सर्वपरिचित आराखडा बारा मात्राखंडांचा असतो. तो पुनःपुन्हा फिरत राहतो, आणि वादक प्रत्येक फेरीत नवी रचना करतो. आपल्याकडील आवर्तनाची कल्पना ज्याला आहे त्याला हे समजणे अवघड नाही. मात्र तेथे चक्र केवळ तालाचे नसून स्वरसंवादांच्या क्रमाचेही असते, हा भेद विसरता येत नाही. असा विस्तार मूलतः क्षणिक असतो. तबकडीने तो स्थिर केला. १९१७ मध्ये जॅझची पहिली तबकडी निघाली. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे वादन मावे. १९४८ मध्ये अमेरिकेत दीर्घ तबकडी आली आणि ती मर्यादा वीस मिनिटांच्याही पुढे गेली. एकच धून दोन वादकांनी कशी वाजविली, किंवा एकाच वादकाने दोन वेळा कशी वाजविली, हे शेजारी-शेजारी ठेवून ऐकणे त्यामुळे शक्य झाले. जॅझच्या रसिकतेचा पाया ह्या तुलनेत आहे.

येथेच देवघेवीचे कारण सापडते. तुलना करावयाची तर अनेक तबकड्या हव्यात. आणि स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी तबकडी सुलभ नव्हती. एकाच्या संग्रहाची उणीव दुसऱ्याच्या संग्रहाने भरून काढावी, हा मार्ग त्यातून साहजिकच निघतो. श्रोत्याला श्रोत्याची गरज भासली ती अशी. काळा घोडा परिसरातील ‘ऱ्हिदम हाउस’ हे दुकान अनेक दशके संगीतप्रेमींच्या भेटीचे स्थान होते. निरंजन झवेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी ‘ब्लू ऱ्हिदम’ हे जॅझला वाहिलेले इंग्रजी नियतकालिक मुंबईतून काढले. पुढे ह्याच झवेरींच्या पुढाकाराने १९७८ मध्ये रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली आणि तीत सनी रॉलिन्ससारखा श्रेष्ठ सॅक्सोफोनवादक सहभागी झाला. तत्पूर्वी १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आणि १९६४ मध्ये लुई आर्मस्ट्राँग मुंबईत येऊन गेले होते. ह्या कलावंतांच्या दौऱ्यांमागे अमेरिकेचे राजकीय हेतू नव्हते असे नाही. परंतु त्यांना येथे जाणता श्रोता भेटला तो सरकारी प्रचाराने घडविलेला नव्हता. तबकड्यांनी व त्यांवरील चर्चांनी तो आधीच घडविला होता.

तबकडीस आकाशवाणीच्या लहरींची जोड मिळाली. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरून १९५५ च्या जानेवारीत विलिस कॉनोव्हर ह्यांचा जॅझचा कार्यक्रम सुरू झाला. परभाषिक श्रोत्यांसाठी कॉनोव्हर अत्यंत सावकाश व सुस्पष्ट इंग्रजी बोलत, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. लघुलहरींना शहर आणि तालुका हा भेद ठाऊक नसतो. नाशिक जिल्ह्यातील निफाडसारख्या गावी ताजमहाल हॉटेलातील वृंद कधी पोचणार नव्हता. तो कार्यक्रम मात्र तत्त्वतः पोचू शकत होता. तथापि ध्वनी पोचणे आणि श्रोतृसमाज निर्माण होणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. ऐकलेल्या गोष्टीविषयी बोलावयास भाषा नसेल, तर श्रोता एकटाच राहतो.

मराठी श्रोत्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे, कारण त्याने जॅझ ऐकलाच नव्हता असे म्हणता येत नाही. पुणतांब्यास जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजेच सी. रामचंद्रांनी, चिक चॉकलेट ह्यांच्या साहाय्याने हिंदी चित्रपटगीतांत जॅझचे ताल व वाद्यमेळ आणले. भगवानदादा पालव ह्यांचा १९५१ मधील ‘अलबेला’ हे त्याचे ठळक उदाहरण. त्यात चिक चॉकलेट व त्यांचे वादक पडद्यावरही दिसतात. संगीतकार मराठी, दिग्दर्शक मराठी, वादक गोमंतकीय. १९५२ मध्ये नभोवाणी खाते बाळकृष्ण केसकरांकडे आले आणि चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. तरी रेडिओ सिलोनने ती घरोघरी नेली. अशा रीतीने निफाडपर्यंत जॅझ आला तो नाव न सांगता आला. ट्रंपेटचा तो स्वर ऐकणाऱ्यास गाण्याचे, नटाचे, फार तर संगीतकाराचे नाव माहीत असे. वाजविणाऱ्याचे नाव आणि त्या शैलीचे कूळ त्याच्यापासून दूरच राहिले.

ख्यालाच्या श्रोत्याशी तुलना केली असता हा भेद स्पष्ट होतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी ऐकून मराठी रसिक आलाप, तान, सम, जागा ह्या शब्दांत तिची चर्चा करू शके; कारण ते शब्द बैठकीत घडलेले होते. जॅझची चर्चा इंग्रजीत झाली. पारशी, ख्रिस्ती, गुजराती अशा विविध समाजांतील मुंबईकर श्रोत्यांना जोडणारी भाषा तीच होती, म्हणून त्यात दोष काढण्याचे कारण नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, मराठी संगीतसमीक्षेच्या कक्षेत हा श्रोतृवर्ग आलाच नाही. शंकर-जयकिशन ह्यांच्या नावे १९६८ मध्ये निघालेली अकरा रागांवरील जॅझ-शैलीची दीर्घ तबकडी हा दोन्ही परंपरांना जोडणारा दुवा होता. रईस खाँ ह्यांची सतार आणि मनोहारी सिंग ह्यांचा सॅक्सोफोन तीत एकत्र ऐकावयास मिळतात. एखाद्या मराठी अभ्यासकाने आवर्तनाच्या व विस्ताराच्या परिभाषेत तिचे साद्यंत विवेचन करावे, इतकी ती ह्या दृष्टीने उपयुक्त आहे.

हे काम आता लांबणीवर टाकणे इष्ट नाही. नरेश फर्नांडिस ह्यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ह्या २०१२ मधील इंग्रजी ग्रंथात वादकांचा इतिहास परिश्रमपूर्वक मांडला आहे. श्रोत्यांचा इतिहास मराठीत लिहावयाचा आहे. ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ मध्ये बंद झाले. जुने संग्रह वारसांच्या हाती जातात आणि बरेचदा रद्दीच्या भावाने विखुरतात. ह्या समाजाने कागदपत्रे फारशी ठेवली नसली, तरी तबकडीच्या वेष्टनावर लिहिलेले मालकाचे नाव, दुकानाचा शिक्का, खरेदीची तारीख, कोणाला उसनी दिली त्याची पेन्सिलीतील नोंद, ही सर्व ऐतिहासिक साधनेच होत. संग्रह विकला जाण्यापूर्वी त्यांची सूची करणे आणि वृद्ध श्रोत्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करणे, ही दोन्ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आटोक्यातील आहेत. तशा मुलाखतीत पहिला प्रश्न त्या श्रोत्याला कोणता वादक आवडे हा नसावा. त्याने तबकडी कोणाकडून आणली आणि ऐकून झाल्यावर कोणाला दिली, हा असावा.