सगळं आधीच ठरलेलं असतं का? टिळक आणि आंबेडकरांनी काय म्हटलं?

‘नशिबात होतं, झालं’ असं आपण सहज म्हणतो. पण नशीब आणि नियतिवाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नशीब मानणारा म्हणतो, तुम्ही काहीही करा, व्हायचं तेच होणार. नियतिवादी म्हणतो, प्रत्येक घटना आधीच्या कारणांमुळेच घडते आणि तुमचं ‘काहीही करणं’सुद्धा त्याच साखळीतली एक कडी असते. मग गुन्ह्याची शिक्षा किंवा कष्टाचं कौतुक कोणत्या आधारावर करायचं? खरा पेच इथे आहे.

मुंबईत हा पेच कोर्टात उभा राहिला होता. २२ जुलै १९०८. मुंबई हायकोर्टात राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीने ७ विरुद्ध २ मतांनी लोकमान्य टिळकांना दोषी ठरवलं. आपण निर्दोष आहोत हे सांगताना टिळक म्हणाले, की माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य चालवणारी याहून वरची शक्ती आहे. कदाचित आपल्या कष्टांतूनच आपलं कार्य पुढे जावं, अशी तिची इच्छा असेल. त्या शब्दांचा फलक आज हायकोर्टात आहे. शिक्षा झाली सहा वर्षांची. परळ-लालबागच्या गिरणगावातल्या कामगारांनी मात्र भवितव्य वरच्या शक्तीवर सोडलं नाही. त्यांनी सहा दिवस संप केला.

वरची शक्तीच सगळं चालवत असेल, तर माणसाने धडपडायचं कशाला? याचं उत्तर टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त सापडतं. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असं एक आख्खं प्रकरण आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या कर्माचं फळ मिळायला सुरुवात झाली, ते भोगावंच लागतं. पण आत्मा मूळचा स्वतंत्र आहे आणि बुद्धीला, इंद्रियांना योग्य वळण लावायची प्रेरणा तो देऊ शकतो. हत्यारं प्रकृतीची, प्रेरणा आत्म्याची.

अडचण उघड आहे. आत्माच न मानणाऱ्याला हे कसं पटावं? त्याला स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम जवळचा वाटेल: इच्छेमागे कारणं असू देत, कुणी जबरदस्ती केली नाही आणि तुम्ही आपल्या इच्छेने वागलात, तर तुम्ही स्वतंत्रच. १९८३मध्ये बेंजामिन लिबेट यांच्या प्रयोगात बोट हलवायची इच्छा जाणवण्याआधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली. पण ती हालचाल म्हणजे ‘निर्णय’च होता का, यावर अजून वाद आहे.

मला मात्र सगळ्यात टोकदार वाटतो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मुद्दा. परळच्या बीआयटी चाळीत आणि नंतर दादरच्या राजगृहात राहिलेल्या बाबासाहेबांनी प्रश्नच फिरवला. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७मध्ये, त्यांच्या निधनानंतर, आलेल्या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्मावर बोट ठेवलं. माणूस गरीब आहे तो गेल्या जन्मीच्या पापामुळे, असं एकदा मान्य केलं की समाज आणि सरकार दोघांचीही जबाबदारी संपते. त्या गरिबीविरुद्ध बंड करायचं कारणही उरत नाही.

म्हणून ‘ज्याचं त्याचं प्रारब्ध’ हे वाक्य पुढच्या वेळी ऐकलंत, तर ते कोण कुणाबद्दल बोलतंय तेवढं बघा. स्वतःच्या आजारपणात धीर धरण्यासाठी ते म्हणणं वेगळं आणि दुसऱ्याच्या उपासमारीबद्दल म्हणणं वेगळं.